तंबू खाली आहे

माझा धंदा एका वाक्यात सांगायचा तर मी लोकांसाठी वाट पाहत असे. मराठीत याचा अर्थ स्टेशनवर गाडीची वाट पाहणारा माणूस असा होतो. माझे सासरे लग्नानंतर चार वर्षं तसंच समजून होते. "जावईबापू काय करतात?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "डोंगरात जाऊन वाट पाहतात," आणि विषय बदलायचे.

खरं काम असं. ग्वाल्हेरच्या ज्या माणसांनी आयुष्यात फ्रीजच्या बाहेर बर्फ पाहिलेला नाही, त्यांना जानेवारीत हिमालयात न्यायचं, बर्फावर तंबू ठोकून दोन-तीन रात्री राहू द्यायचं आणि जितके नेले तितके परत आणायचे. सिटी सेंटरमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बावीस हिवाळे हे काम केलं. आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, त्यामुळे बर्फ या शब्दाला इथे देवाच्या प्रसादासारखा मान आहे. गिऱ्हाइकांची वाण कधी पडली नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. एका बाईंनी फोनवर विचारलं, "भाऊ, तंबूत गीझर राहील ना?" मी म्हटलं, "राहील, पण चालणार नाही." त्या समाधानाने पैसे भरून गेल्या. एक निवृत्त बँकवाले रात्री झोपण्याच्या पिशवीत बूट घालून शिरले, कारण चोर. दहा हजार फुटांवर, चारी बाजूंना माणूस नाही, आणि यांना चोरांची भीती. गजकाचे डबे तर प्रत्येकाकडे. त्याला मी कधी हरकत घेतली नाही. तीळ आणि गूळ थंडीत जे काम करतात ते महागडी चॉकलेटं करत नाहीत.

पण वाट शोधणं कसं असतं ते सांगतो, कारण हल्ली मोबाइलवरची दोन मिनिटांची चित्रफीत बघून पोरं निघतात.

पहिली गोष्ट, बर्फातली वाट बर्फ नसताना शोधायची. मी ऑक्टोबरात जात असे. खाली ओढा आहे की दगड आहेत की खड्डा, हे तेव्हाच दिसतं. जानेवारीत सगळं सारखंच पांढरं आणि सगळंच सुंदर. दुसरी गोष्ट, वरच्या उताराचा कोन. तुम्ही कुठे उभे आहात याला फार महत्त्व नाही, तुमच्या डोक्यावर काय आहे याला आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात वाईट. त्याहून सपाट असेल तर बर्फ बसून राहतं, त्याहून उभा असेल तर मुळात साठतच नाही. मधला उतार साठवतो आणि एका दिवशी सगळं एकदम सोडतो. हा कोन मी मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजत असे. त्याच्या मध्यावर दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधलेला. लोक हसायचे. परदेशी यंत्र घेऊन आलेल्या एका साहेबांचं आणि माझं मोजमाप एकदा एका अंशाने वेगळं आलं, आणि त्यांच्या यंत्राची बॅटरी उतरलेली निघाली.

तिसरी गोष्ट झाडं. एखाद्या पट्ट्यात सगळी झाडं कोवळी, एकाच वयाची, आणि चढाच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर तिथून बर्फ कोसळतं हे ओळखायचं. तिथे तंबू लावायचा नाही, जेवायला बसायचं नाही, फोटोसाठीही थांबायचं नाही. चौथी, गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं. पुरुष बढाया मारतात, गवत कापायला जाणाऱ्या बायका खरं सांगतात. आणि पाचवी, जी मला सगळ्यात मोठी वाटे, ती परतीची वाट. साठीच्या माणसाला दोन तासांत मोटाररस्त्यावर पोचता आलं पाहिजे. तसं नसेल तर जागा कितीही देखणी असो, नको.

या पाचही कसोट्यांना उतरलेली एक वाट मला गढवालमध्ये सापडली होती. गावाचं नाव लिहीत नाही. वर गवताळ माळ, तिथे वरचा मुक्काम. तिथून पाऊण तासाच्या उतारावर दाट देवदारांत खालचा मुक्काम. त्याच्याखाली तासाभरावर रस्ता. कुठेही पंचवीस अंशांपेक्षा जास्त उतार डोक्यावर नाही. ती वाट शोधायला मला तीन ऑक्टोबर लागले. आजही मी म्हणतो, ती वाट निर्दोष होती. अविनाश मोहिते त्या वाटेवर गेला, पण वाटेमुळे गेला नाही.

हे लिहायचं म्हणूनच कागद पुढे घेतला आहे, बाकी सगळी टाळाटाळ होती.

आधी आमच्या भाषेबद्दल दोन शब्द. आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. कुणाचे पूर्वज दफ्तरात होते, कुणाचे पूजेला, कुणाचे फौजेत. सात-आठ पिढ्या हिंदीच्या कुशीत राहिलो, त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी कुठून सुरू होते ते आम्हालाच कळत नाही. पुण्याचं एक जोडपं एकदा आमच्याबरोबर आलं होतं. त्यांना आमच्यातल्या एका काकूंनी सांगितलं, "माझ्या मुलीची शिक्षा दिल्लीत झाली." पुणेकर बाईंनी घाबरून विचारलं, "काय केलं होतं तिने?" आम्ही दोन दिवस हसत होतो. हसण्यासारखंच होतं ते.

मोहिते नवराबायको शिंदे की छावनी या मोहल्ल्यातले. त्याचे पणजोबा फौजेत होते, तो स्वतः चष्म्याच्या दुकानात बसायचा. पन्नाशीचा, गोल अंगाचा, आनंदी माणूस. वंदनाताई शाळेत शिकवायच्या. संक्रांतीच्या सुमाराची सहल होती. एकूण अकरा जण, शिवाय मी आणि तिथला माझा जोडीदार जमनसिंह. जमनसिंह खेचरं पाळायचा, माझ्याच वयाचा, आणि मला त्या डोंगराबद्दल जे काही कळत होतं त्यातलं अर्धं त्याचं. मोहिते भयंकर घोरायचा म्हणून त्याला एकट्याचा छोटा तंबू दिला होता. वंदनाताई बायकांच्या मोठ्या तंबूत. त्यावरून पहिल्या संध्याकाळी पुष्कळ थट्टा झाली. मोहिते म्हणाला, "वीस वर्षांनी घटस्फोट मिळाला, तोही बर्फात."

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, सकाळी ऊन होतं. सगळ्यांनी एकमेकांना गजक देऊन तिळगुळाचं उरकलं. मोहितेने मला विचारलं, "भाऊ, आईला फोन करायचा होता. रेंज कुठे येते?" मी माळाच्या टोकाकडचं टेकाड दाखवलं. "तिथे दोन काड्या येतात. पण एकटे जाऊ नका, कुणाला तरी घेऊन जा." तो "हो" म्हणाला. टेकाड तंबूंपासून चारशे पावलांवर.

बाराच्या सुमारास ढग उतरले. वारा फिरला. मोहिते पुन्हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या तंबूला फार हवा लागून राहिली आहे. देवदारांत हलवू का?" मी म्हटलं, "थांबा, बहुतेक सगळ्यांनाच हलवावं लागेल." अर्ध्या तासात बर्फ पडायला लागलं तसा मी निर्णय घेतला. वयस्क आणि दमणारे असे सहा जण घेऊन मी पुढे निघालो, म्हणजे वाट तुडवली जाईल. बाकी पाच जणांनी तंबू सोडायला मदत करायची आणि जमनसिंहने त्यांना घेऊन मागून यायचं. पाचांत मोहिते नवराबायको होती. आमच्याकडे दोन वॉकीटॉकी होते. एक माझ्याकडे, एक जमनसिंहकडे.

आम्ही देवदारांत पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. पंधरा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मी स्टोव्ह पेटवला, सहा जणांचे ओले मोजे काढायला लावले, एका आजोबांच्या हाताची बोटं पांढरी पडली होती ती काखेत धरून बसलो. अडीचच्या सुमारास वॉकीटॉकी खरखरला. वंदनाताईंचा आवाज होता. जमनसिंह तंबू उपटत होता म्हणून त्याने यंत्र त्यांच्या हातात दिलं होतं.

त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचा तंबू खाली आहे."

मी म्हटलं, "हो हो, खालीच आहे. काळजी करू नका. तुम्ही निघा."

एवढंच बोलणं. बॅटरी वाचवायची म्हणून मी यंत्र बंद केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही वावगं दिसणार नाही, म्हणून समजावून सांगतो. तुमच्याकडे खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आमच्याकडे दोन्ही. आम्ही "खाली ये" असंही म्हणतो आणि "डबा खाली झाला" असंही म्हणतो, आणि एकाच वाक्यात दोन्ही आले तरी कुणाचं अडत नाही. रिकामा हा शब्द आमच्यात फक्त नोकरी नसलेल्या जावयासाठी राखून ठेवलेला.

वंदनाताई नवऱ्याच्या तंबूपाशी गेल्या होत्या. आत कुणी नव्हतं. त्या मला सांगत होत्या की तंबू रिकामा आहे, हे कुठे गेले? मी ऐकलं की मोहितेने आपला तंबू खालच्या मुक्कामी आणला आहे. दोन तासांपूर्वीच तो हलवायचं म्हणत होता, त्यामुळे मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आमच्यामागोमाग आला असेल, झाडांत कुठेतरी ठोकत असेल. आणि माझं "हो हो, खालीच आहे" त्यांनी ऐकलं ते असं, की तंबू रिकामा आहे हे भाऊंना माहीत आहे, म्हणजे हे भाऊंबरोबर गेले आहेत. त्यांनी जमनसिंहला सांगितलं, "वो भाऊ के साथ नीचे चले गए." जमनसिंहने तो रिकामा तंबू उपटला, गुंडाळला आणि पाठीवर घेतला.

मी उठून झाडांत पंधरा पावलं चालून पाहिलं नाही. बोटं काखेत होती हे खरं. दुसऱ्या कुणाच्या काखेत देता आली असती हेही खरं.

चार वाजता ते आले. मी एकेकाच्या अंगावरचं बर्फ झटकत होतो. वंदनाताई इकडेतिकडे बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "हे कुठे आहेत? झोपले पण?"

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मी सात वर्षं रोज पाहतो आहे.

मी आणि जमनसिंह लगेच वर निघालो. तुडवलेली वाट भरून गेली होती. पाऊण तासाच्या चढाला सव्वा तास लागला. माळाच्या कडेला पोचलो तेव्हा उजेड जवळजवळ गेला होता आणि वारा असा की शिट्टी वाजवली तर माझी मला ऐकू येईना. आम्ही दोघे एका दोरीने बांधून घेऊन तंबूंच्या जागेपर्यंत गेलो. तिथून टेकाडाकडे वळलो तर जमनसिंह खाली बसला आणि त्याने दोरी ओढून धरली.

"भाईसाहब, अब नहीं. उस तरफ किनारा है, दिखता नहीं. दो और मरेंगे, बस."

मी त्याला शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या. मग मी पुष्कळ वेळ शिट्टी वाजवली आणि आम्ही परत आलो. त्याचं बरोबर होतं. मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं हेच शिकवत आलो होतो, की परतीची वेळ झाली की परतायचं. शिकवलेलं स्वतः करताना कसं वाटतं ते तेव्हा कळलं. देवदारांत वंदनाताई उभ्या होत्या. आम्ही दोघंच आलो हे त्यांनी लांबून मोजलं.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मोहिते टेकाडाच्या अलीकडे, एका खडकाच्या आडोशाला बसलेला सापडला. तंबूंच्या जागेपासून दीडशे पावलं. उजव्या हाताचा मोजा काढलेला, फोन हातात. आम्ही निघाल्यावर तंबू सोडण्याच्या गडबडीत तो एकटाच इकडे आला असणार. आईला फोन लागला नव्हता. परतताना पांढऱ्यात दिशा चुकली असावी आणि त्याने शहाण्यासारखं केलं, हिंडत बसला नाही. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, वाट चुकलात तर आडोसा बघून बसून राहा, आम्ही शोधत येऊ. त्याने माझं ऐकलं. आम्ही अडीच वाजता शोधायला लागलो असतो तर उजेडाचे तीन तास हातात होते.

पंचनामा गावच्या पटवाऱ्याने केला. त्या डोंगरांत पोलिसाचं काम तोच बघतो. भला माणूस, चहा पाजून हळूहळू लिहीत होता. वंदनाताईंना बोलण्याची शुद्ध नव्हती, तरी दोन वाक्यं त्यांनी सांगितली होती. शेवटी त्याने सगळं वाचून दाखवलं. "पत्नी ने जाकर देखा तो मृतक का टेंट खाली था. पत्नी ने इसकी सूचना दी."

खाली था. हिंदीत ऐकलं आणि कळलं. तोपर्यंत मी समजत होतो की बाई गोंधळल्या, काहीतरी चुकीचं बोलल्या. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. वेळेवर सांगितलं होतं. मी सही केली. वंदनाताई शेजारी बसल्या होत्या, पण त्या काही ऐकत होत्या असं मला वाटलं नाही.

ग्वाल्हेरला आल्यावर सगळे विचारायचे, कसं झालं? मी म्हणायचो, "माझी मोजणी चुकली." ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. शब्दाचं सांगितलं असतं तर दोष अर्धा झाला असता, आणि दुसरा अर्धा कुणाच्या पदरात गेला असता? त्या बाईच्या. नवऱ्याला वाचवायला जे वाक्य बोलल्या त्याच वाक्याने तो गेला, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून गप्प राहिलो. मंडळाच्या गणपतीत लोक माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसू लागले. मोहितेची आई मला फूलबागेच्या फाटकाशी एकदा भेटली. माझ्याकडे बघत पदर सावरून निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

काम मी लगेच सोडलं नाही. लोकांना वाटलं निर्लज्ज आहे. मला वाटत होतं, आता सोडलं तर ती वाट वाईट होती असा अर्थ होईल. आणखी तीन हिवाळे केले. फक्त एक नियम नवा घातला. माझ्या मुक्कामावर "खाली" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. रिकामं असेल तर रिकामं म्हणा, उतरायचं असेल तर उतरा म्हणा. चुकलं तर भांडी घासायची. कारण कुणाला सांगितलं नाही. पोरांना तो खेळ वाटायचा. दर दोन मिनिटांनी कुणीतरी चुकायचा आणि टाळ्या पडायच्या, आणि मी स्टोव्हकडे तोंड करून बसायचो.

या दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा ठरवलं, लिहायचं तर आधी वंदनाताईंना सांगायचं. सात वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. मोहितेची आई आता नाही. वंदनाताई छावनीतच, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. दार उघडून त्या म्हणाल्या, "या भाऊ. उशीर केलात."

त्यांनी चहा केला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. इकडचंतिकडचं बोलणं झालं, शाळा, गुडघे, पाण्याचा टँकर. मग त्या किटली हातात घेऊन म्हणाल्या, "कप रिकामा झाला की सांगा, अजून आहे."

रिकामा. छावनीत जन्मलेली, छावनीत वाढलेली बाई. मी कप खाली ठेवला.

त्याच बोलल्या. "माझा भाचा तुमच्या कँपात आला होता, त्या पुढच्याच वर्षी. येऊन हसून सांगू लागला, मावशी, भाऊंच्या तिकडे 'खाली' बोलणं मना आहे, बोललं की भांडी घासायला लावतात. मी पोळ्या लाटून राहिले होते. हात थांबला. तेव्हा समजलं मला."

म्हणजे सहा वर्षं. मी ज्या एका नियमाने पुढच्यांना जपत होतो, त्यानेच ते गुपित वर्षभरात त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं.

"मग कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही लोकांसमोर मोजणी चुकली म्हणत राहिलात. माझ्यासाठी म्हणत होतात ना? मी बोलले असते तर तुमची तीही मेहनत वाया गेली असती." त्यांनी किटली झाकली. "आईंना पण नाही सांगितलं मी. त्या तुम्हाला दोष देत गेल्या. त्याची माफी मागते. मला हिंमत नाही झाली, भाऊ. त्यांनी मला दोष दिला असता तर मी या घरात कशी राहिले असते?"

मी रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, परक्याच्या घरी, चहाच्या कपापुढे. त्या रडल्या नाहीत, त्यांचं बहुधा होऊन गेलं होतं. मी विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. नाव पण लिहा. आमच्या पोरांना कळू दे, आपण काय बोलतो ते."

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. दिवा गेलेला होता. दर घरी पाहुण्याला जे सांगतात ते त्यांच्या तोंडावर आलं. "भाऊ, सावकाश..." त्या थांबल्या. मीही पहिल्या पायरीवर थांबलो.

"सावकाश उतरा," त्या म्हणाल्या.

मी उतरलो. एकोणीस पायऱ्या होत्या. मोजल्या.